कॅमेरा : रचना, कार्य आणि प्रकार

लग्नसमारंभातील समूहचित्र, मतदाराचे ओळखपत्र, परीक्षेचे प्रवेशपत्र, पुराने बुडालेल्या शेताची नोंद, घरकुलाच्या बांधकामाचा टप्पा, अशा नानाविध कारणांसाठी आज छायाचित्राची गरज भासते. निवडणूक आयोगाने १९९३ साली मतदारांसाठी छायाचित्रासह ओळखपत्राची योजना सुरू केली. २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजनेखालील ग्रामीण घरांची छायाचित्रे जागेच्या अक्षांश-रेखांशांसह बांधकामाच्या निरनिराळ्या टप्प्यांवर घेण्यात येऊ लागली. एके काळी तालुक्याच्या गावी एखाद्या छायाचित्रकाराच्या दुकानातच दिसणारा कॅमेरा मोबाइल फोनच्या रूपाने आता घरोघरी पोहोचला आहे.

वापर वाढला त्या मानाने कॅमेऱ्याची ओळख मात्र वाढलेली नाही. कॅमेऱ्याने टिपलेले सर्व काही जसेच्या तसे खरे असते, अशी एक समजूत आढळते. चित्र बिघडले तर दोष यंत्राचा, अशी दुसरी समजूत आहे. या दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत. कॅमेरा स्वतः काहीच पाहत नाही. मोजून आत घेतलेला प्रकाश साठवून ठेवणे, एवढेच त्याचे कार्य होय. ते माप कसे ठरते, हे ज्याला कळले त्याला साध्या कॅमेऱ्यानेही उपयोगी चित्र घेता येते आणि दुसऱ्याने घेतलेले चित्र पारखूनही पाहता येते.

अंधारी खोली

कॅमेरा हा मूळचा लॅटिन शब्द असून त्याचा अर्थ खोली असा आहे. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत नगरपालिकेला ‘कामारा’ म्हणत, तो शब्दही याच मुळापासून आलेला आहे. छायाचित्रणाच्या संदर्भात ‘अंधारी खोली’ या अर्थाच्या लॅटिन शब्दसमूहातील ‘कॅमेरा’ एवढाच भाग पुढे रूढ झाला.

पूर्ण काळोख्या खोलीच्या भिंतीला बारीक छिद्र पाडले, तर समोरच्या भिंतीवर बाहेरील दृश्याची उलटी प्रतिमा उमटते. याचे कारण असे की, प्रकाश सरळ रेषेत जातो. बाहेरच्या झाडाच्या शेंड्याकडून आलेला किरण छिद्रातून उतरत जाऊन भिंतीच्या खालच्या भागावर पडतो आणि बुंध्याकडून आलेला किरण वरच्या भागावर पडतो. अरब शास्त्रज्ञ इब्न अल्-हैथम यांनी अकराव्या शतकात या घटनेचा पद्धतशीर अभ्यास केला. कर्नाटकात हंपी येथील विरूपाक्ष मंदिरात उंच गोपुराची उलटी प्रतिमा आतल्या भिंतीवर पडलेली आजही यात्रेकरूंना दाखविण्यात येते. तिच्यामागचे तत्त्व हेच होय. सूर्यग्रहणाच्या वेळी दाट झाडाखाली जमिनीवर चंद्रकोरीच्या आकाराचे असंख्य कवडसे दिसतात. पानांमधील फटी छिद्रांचे काम करतात आणि प्रत्येक कवडसा ही ग्रस्त सूर्याची एकेक प्रतिमा असते.

हा प्रयोग शाळेत सहज करता येतो. पुठ्ठ्याचे एक खोके घेऊन त्याचा आतील भाग काळा करावा. एका बाजूस चौकोन कापून त्यावर पातळ चकचकीत कागद चिकटवावा व त्याला बारीक सुईने एकच छिद्र पाडावे. समोरची बाजू काढून तेथे तेल लावलेला पातळ कागद ताणून बसवावा. डोके व खोके जाड कापडाने झाकून छिद्राची बाजू उन्हातील झाडाकडे केली की तेलकट कागदावर उलटे झाड रंगांसह दिसते. नंतर छिद्र थोडे मोठे करून पाहावे. प्रतिमा अधिक उजळ होते, पण तिच्या कडा पुसट होतात. उजळपणा हवा तर स्पष्टता जाते आणि स्पष्टता हवी तर उजळपणा जातो, ही अडचण विद्यार्थ्यांच्या येथे प्रत्यक्ष ध्यानात येते. भिंगाची आवश्यकता याच अडचणीतून निर्माण झाली.

भिंगाचे कार्य

छिद्राच्या जागी बहिर्गोल भिंग बसविले म्हणजे वस्तूच्या एका बिंदूपासून निघून भिंगाच्या सर्व भागांवर पडलेले किरण पुन्हा एका बिंदूत आणले जातात. त्यामुळे वाट मोठी ठेवूनही प्रतिमा रेखीव मिळते. मात्र वस्तू जवळ असेल, तर प्रतिमा भिंगापासून अधिक लांब तयार होते. म्हणून भिंग पुढे-मागे सरकवून प्रतिमा नेमकी पडद्यावर आणावी लागते. यालाच ‘फोकस करणे’ म्हणतात. अनेक आधुनिक कॅमेऱ्यांत हे काम लहानशी मोटर करते.

दूरच्या वस्तूची स्पष्ट प्रतिमा भिंगापासून जितक्या अंतरावर पडते, त्याला त्या भिंगाचे नाभीय अंतर म्हणतात. २४ × ३६ मिलिमीटर आकाराच्या फिल्मसाठी ५० मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग सर्वसाधारण समजले जाते. २८ मिलिमीटरच्या भिंगात पुष्कळ विस्तीर्ण दृश्य मावते, तर २०० मिलिमीटरच्या भिंगाने दूरचा पक्षी जवळ आल्यासारखा दिसतो. चांगल्या कॅमेऱ्यात एकच भिंग नसून अनेक भिंगांचा संच असतो. एकट्या भिंगामुळे उमटणाऱ्या रंगीत कडा आणि वाकड्या दिसणाऱ्या रेषा हे दोष या संचामुळे कमी होतात.

प्रकाशाची तीन मापे

चित्रासाठी किती प्रकाश लागणार, हे तीन गोष्टींवर अवलंबून असते. नळाखाली घागर भरण्याच्या उदाहरणाने त्या चटकन समजतात. नळ किती उघडला, तो किती वेळ चालू ठेवला आणि घागर केवढी आहे, या तिन्हींचा हिशेब जमला तरच घागर नेमकी भरते. एरवी ती अर्धी राहते अथवा वाहू लागते. चित्र काळवंडणे म्हणजे घागर अर्धी राहणे आणि चित्र पांढरेफटक होणे म्हणजे ती वाहून जाणे होय.

यांपैकी पहिले माप म्हणजे भिंगामागील छिद्राचा आकार. पातळ पात्यांची एक रचना हे छिद्र लहानमोठे करते. त्याचे आकडे २, २·८, ४, ५·६, ८, ११, १६ असे असतात. नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागले की हा आकडा मिळतो. म्हणून आकडा जसजसा वाढतो तसतसे छिद्र लहान होत जाते, आणि प्रत्येक पुढच्या आकड्याला प्रकाश निम्मा होतो. छिद्र लहान ठेवल्यास जवळच्या व दूरच्या वस्तू एकाच वेळी स्पष्ट येतात. मोठे ठेवल्यास एकच वस्तू स्पष्ट राहून मागचा भाग धूसर होतो.

दुसरे माप म्हणजे वेळ. शटर नावाची झडप ठरावीक काळ उघडी राहून मिटते. हा काळ सेकंदाचा १/३०, १/६०, १/१२५, १/२५०, १/५०० असा सुमारे निम्म्या-निम्म्याने कमी होत जातो. धावणारा बैल किंवा उडणारा चेंडू स्थिर दिसावयाचा असेल, तर झडप १/५०० सेकंद किंवा त्याहून कमी काळच उघडावी लागते. उलट १/३० सेकंदापेक्षा अधिक वेळ लागणार असेल, तर हाताच्या कंपामुळे चित्र हलण्याचा संभव असतो. अशा वेळी तिवई किंवा भिंतीचा आधार घ्यावा.

तिसरे माप म्हणजे फिल्मची अथवा तिच्या जागी असलेल्या संवेदकाची प्रकाशग्रहणक्षमता. ती १००, २००, ४०० अशा आकड्यांनी सांगतात. क्षमता अधिक असली की कमी प्रकाशातही चित्र निघते, पण त्यात खरखरीत कण दिसू लागतात.

ही तिन्ही मापे एकमेकांशी बांधलेली आहेत. लख्ख उन्हात १०० क्षमतेच्या फिल्मवर छिद्राचा आकडा १६ आणि वेळ सुमारे १/१२५ सेकंद, हा छायाचित्रकारांचा जुना ठोकताळा आहे. वेळ १/२५० केली तर छिद्र ११ वर आणावे लागते व १/५०० केली तर ८ वर. तिन्ही वेळा आत येणारा प्रकाश तेवढाच असतो, परंतु चित्र सारखे नसते. पहिल्यात दूरवरचा तपशील अधिक स्पष्ट येतो आणि शेवटच्यात हालचाल अधिक पक्की थांबते. मोबाइल फोन हा हिशेब स्वतः करतो. मात्र हिशेब होतोच, हे विसरून चालत नाही.

प्रकाश साठविण्याची रीत : फिल्म

प्रतिमा पाडणे माणसाला शेकडो वर्षांपूर्वी जमले, परंतु ती टिकविणे एकोणिसाव्या शतकातच साधले. फ्रान्समध्ये निसेफोर न्येप्स यांनी १८२६–२७ च्या सुमारास खिडकीतून दिसणाऱ्या दृश्याचे चित्र धातूच्या पत्र्यावर मिळविले. ते उपलब्ध असलेल्या छायाचित्रांपैकी सर्वांत जुने कॅमेराचित्र मानले जाते. लुई दागेर यांची पद्धत १८३९ साली जाहीर झाली. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये हेन्री फॉक्स टॅलबट यांनी निगेटिव्हची, म्हणजे ऋणचित्राची रीत शोधून काढली. त्यामुळे एका चित्राच्या हव्या तितक्या प्रती काढणे शक्य झाले.

फिल्मवर जिलेटिनच्या थरात चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म कण पसरलेले असतात. प्रकाश पडलेल्या कणांत डोळ्यांना न दिसणारा बदल होतो. विकासक द्रावणात ते कण काळ्या चांदीत रूपांतरित होतात. नंतर ‘हायपो’ या द्रावणात प्रकाश न पडलेले क्षार विरघळून जातात आणि शेवटी फिल्म स्वच्छ पाण्याने धुतली जाते. जेथे प्रकाश अधिक तेथे काळेपणा अधिक, असे हे उलट चित्र असते. त्यातून प्रकाश सोडून कागदावर छाप घेतला की चित्र सुलट होते.

या तंत्राचा आपल्या प्रदेशाशी जुना संबंध आहे. लाला दीनदयाळ हे इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीस असताना १८७४ च्या सुमारास छायाचित्रणाकडे वळले. महाराजा तुकोजीराव होळकर (दुसरे) यांचे त्यांना उत्तेजन मिळाले. पुढे ते हैदराबादच्या सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले व ‘राजा’ ही पदवी पावले. अवजड कॅमेरा, काचेच्या तावदानांच्या पेट्या आणि रसायने घेऊन त्यांनी मध्य भारतातील किल्ले, मंदिरे व स्तूप टिपले. त्यांच्या अडीच हजारांहून अधिक काचेच्या ऋणप्रती दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. दीडशे वर्षांपूर्वी एखादी वास्तू कशी दिसत होती, हे त्या काचांमुळेच आज पाहता येते.

फिल्मऐवजी संवेदक

१९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनी प्रकाशाचे विद्युतभारात रूपांतर करून तो क्रमाने पुढे सरकविणाऱ्या पट्टीची कल्पना मांडली. या कार्याबद्दल २००९ साली त्यांना भौतिकीचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. १९७५ साली कोडॅक कंपनीतील अभियंते स्टीव्हन सॅसन यांनी अशा संवेदकावर चालणारा कॅमेरा बनविला. त्याचे चित्र अवघ्या दहा हजार बिंदूंचे आणि कृष्णधवल होते. ते ध्वनिफितीसारख्या कॅसेटवर नोंदविण्यास २३ सेकंद लागत.

आजच्या संवेदकावर असे लक्षावधी, किंबहुना कोट्यवधी बिंदू असतात. प्रत्येक बिंदूवर जेवढा प्रकाश पडेल तेवढा विद्युतभार साठतो, तो मोजला जातो आणि त्याची संख्या नोंदविली जाते. या बिंदूंना स्वतःला रंग कळत नाही. म्हणून त्यांच्यावर तांबड्या, हिरव्या व निळ्या गाळण्यांची सूक्ष्म जाळी बसविलेली असते. बहुसंख्य कॅमेऱ्यांत त्यांतील निम्म्या गाळण्या हिरव्या असतात, कारण मानवी डोळा हिरव्या प्रकाशाला अधिक संवेदनशील आहे. प्रत्येक बिंदूचे उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून गणिताने ठरविले जातात. याचा अर्थ असा की, रंगीत अंकीय चित्रातील बराच भाग मोजलेला नसून अनुमानाने भरलेला असतो.

कॅमेऱ्यांचे प्रकार

दृश्य कसे पाहावयाचे आणि प्रकाश कशावर साठवावयाचा, या दोन गोष्टींवरून कॅमेऱ्यांचे मुख्य प्रकार पडतात.

तिवईवरील मोठा कॅमेरा हा सर्वांत जुना प्रकार होय. छायाचित्रकार काळे कापड डोक्यावर घेऊन धुरकट काचेवरील उलटी प्रतिमा पाहतो व नंतर त्या काचेच्या जागी तावदान अथवा फिल्म बसवितो. याची चित्रे अत्यंत तपशीलवार येतात.

पेटी कॅमेऱ्यात भिंग, छिद्र व वेळ बहुतांशी ठरलेली असते. जॉर्ज ईस्टमन यांनी १८८८ साली गुंडाळीच्या फिल्मवर शंभर चित्रे घेणारा कोडॅक कॅमेरा बाजारात आणला आणि छायाचित्रण सामान्य माणसाच्या हाती आले. भारतात वडोदरा येथे तयार होणारा आगफा क्लिक थ्री हा असाच साधा कॅमेरा होता. १२० आकाराच्या एका फिल्मवर त्याने १२ चौरस चित्रे निघत. अनेक घरांतील जुने कृष्णधवल संग्रह अशाच कॅमेऱ्यांनी घडविले आहेत.

दृश्यदर्शकाच्या कॅमेऱ्यात पाहण्याची खिडकी भिंगाच्या बाजूला असते. १९२५ साली जर्मनीत विक्रीस आलेल्या लायका कॅमेऱ्याने ३५ मिलिमीटर फिल्म लोकप्रिय केली. डोळा एका जागेवरून पाहतो व भिंग दुसऱ्या, त्यामुळे अगदी जवळचे चित्र घेताना डोके कापले जाण्याचा दोष या प्रकारात संभवतो.

जोडभिंगी कॅमेऱ्यात वरचे भिंग पाहण्यासाठी व खालचे चित्रासाठी असते. १९२९ सालचा रोलिफ्लेक्स हा त्याचा नमुना होय. कॅमेरा छातीशी धरून वरून काचेत पाहावे लागते.

एकभिंगी आरशाच्या कॅमेऱ्यात, ज्याला एस. एल. आर. म्हणतात, भिंगातून आलेला प्रकाश तिरप्या आरशावरून व लोलकातून डोळ्यापर्यंत येतो. कळ दाबताच आरसा वर उचलला जातो आणि प्रकाश फिल्मवर पडतो. भिंगाला जे दिसते तेच डोळ्यालाही दिसत असल्याने आणि भिंगे बदलता येत असल्याने वृत्तपत्रांपासून संशोधनापर्यंत सर्वत्र हा प्रकार मान्यता पावला. अंकीय संवेदक आल्यानंतरही ही रचना टिकली. पुढे आरसा काढून टाकून संवेदकावरील प्रतिमा थेट लहान पडद्यावर दाखविणारे कॅमेरे आले.

झटपट चित्र देणारा कॅमेरा एडविन लँड यांनी १९४७ साली दाखविला. त्यात विकासक रसायन फिल्मसोबतच असल्याने चित्र अल्पावधीत हाती पडते.

चलच्चित्र कॅमेरा एका सेकंदात अनेक चित्रे घेतो. बोलपटात त्यांचे प्रमाण सेकंदाला २४ असे ठरले. वडोदऱ्याच्या कलाभवनात शिकलेले दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चित्र थांबून थांबून टिपली आणि ती पडद्यावर काही क्षणांत दाखविली. पुढच्याच वर्षी त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला.

कृत्रिम उपग्रहांवरील कॅमेरे हा आणखी एक महत्त्वाचा प्रकार आहे. भारताच्या भास्कर-१ या उपग्रहावर १९७९ साली दूरचित्रवाणी कॅमेरे होते. १९८८ च्या आय. आर. एस.-१अ उपग्रहाच्या कॅमेऱ्यांनी पिके, जंगले व जलसाठे यांच्या नोंदी घेण्यास प्रारंभ केला.

मोबाइल फोनचा कॅमेरा रचनेने वरीलप्रमाणेच आहे. परंतु त्याचा संवेदक फार लहान असल्याने उणीव गणिताने भरून काढावी लागते. फोन एका कळीत अनेक चित्रे घेऊन ती एकत्र करतो, अंधार उजळतो, कडा ठळक करतो. पडद्यावर बोटांनी चित्र मोठे केले म्हणजे वस्तू जवळ येते, असे नव्हे. जेथे त्यासाठी वेगळे भिंग नसेल, तेथे चित्राचा मधला तुकडाच ताणून दाखविला जातो.

नोंद म्हणून छायाचित्र

पडलेली भिंत उचलली जाते, पाणी ओसरते, कुजलेले पीक काढून टाकावे लागते. अशा प्रसंगी एकदा चुकलेले चित्र पुन्हा घेता येत नाही आणि नुकसान खरे असूनही ते दाखविता येत नाही. म्हणून काही गोष्टी सर्वांनीच ध्यानात ठेवणे इष्ट आहे. प्रथम भिंग मऊ स्वच्छ कापडाने पुसावे, कारण बोटाच्या डागाने संपूर्ण चित्र धुरकट होते. शक्यतो सूर्य पाठीशी असावा. आधी जागेची ओळख पटेल असे एक दूरचे चित्र घ्यावे, त्यात विहीर, झाड किंवा शाळा यांसारखी खूण यावी. मग मधल्या अंतरावरचे आणि शेवटी जवळचे चित्र घ्यावे. जवळच्या चित्रात मोजपट्टी किंवा नेहमीच्या वापरातील वस्तू ठेवल्यास आकाराची कल्पना येते. कागदपत्राचे चित्र घेताना फोन कागदाला समांतर धरावा व स्वतःची सावली पडू देऊ नये.

चित्र घेतल्यावर मूळ प्रत तशीच राखून ठेवावी. संदेशसेवांतून पाठविलेल्या चित्राचा आकार पुष्कळदा कमी होतो आणि वेळ व स्थळ यांची अंतर्गत नोंदही गळून पडू शकते. सुशोभित केलेले चित्र समारंभाला शोभते, परंतु पंचनाम्याला ते उपयोगी नाही.

चित्र पारखणाऱ्यानेही तितकीच दक्षता बाळगावी. चौकटीबाहेर काय होते, हे चित्र सांगत नाही. विस्तीर्ण भिंगाने लहान खोली ऐसपैस दिसते. दूरदर्शी भिंगाने दूर उभी असलेली माणसे खेटून उभी असल्यासारखी दिसतात आणि विरळ जमाव दाट वाटतो. यात कोणी खोटेपणा केलेला असतोच असे नाही, तरी अनुमान मात्र चुकू शकते. म्हणून महत्त्वाचा निर्णय एकाच चित्रावर न घेता निरनिराळ्या बाजूंनी घेतलेली चित्रे व प्रत्यक्ष पाहणी यांची सांगड घालावी.

जतन

कोकण व गोव्यासारख्या दमट प्रदेशात पावसाळ्यात भिंगांवर व फिल्मवर बुरशी धरते. कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. जुनी छायाचित्रे भिंतीच्या ओलीपासून व उन्हापासून दूर ठेवावीत, एकमेकांना चिकटलेली ओढून सोडवू नयेत आणि मागे शाईऐवजी मऊ पेन्सिलीने नावे, गाव व साल लिहावे. निगेटिव्ह टाकून देऊ नयेत, कारण त्यांपासून नवी प्रत काढता येते. फोनमधील चित्रांची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी, कारण फोन हरवला की त्यांतील सर्वच चित्रे एकदम जातात.

ज्या घरात आजोबांचे एकच छायाचित्र आहे, तेथे त्याच्या मागे नाव लिहिण्याचे काम घरातील वडीलधारी मंडळी हयात असतानाच उरकावे. कॅमेऱ्याने चेहरा जपला, तरी तो कोणाचा हे सांगणे त्याला साधत नाही. ते काम माणसालाच करावे लागते.